वांग्याचा पहिला तोडा

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीला खेटून आमचं वांग्याचं रान होतं. बांधापलीकडे नळांना चकचकीत मुलामा देणारा कारखाना. आमच्याकडे रीत अशी, की भाजीचा पहिला तोडा बांधावरच्या शेजाऱ्याला द्यायचा, मग बाजारात न्यायचा. म्हणून आई कारखान्याच्या शेठलाही दरवर्षी टोपली पाठवायची.

नव्वदच्या दशकात कारखान्याचं पाणी आमच्या नाल्यात येऊ लागलं. हिरवट, उग्र वासाचं. वडील विचारायला गेले तर शेठ म्हणाला, पाणी चांगलं आहे, पिकाला उलट खतच मिळेल. वडिलांनी विश्वास ठेवला आणि नाल्यावर मोटर बसवली. दोन-तीन वर्षांत मातीवर पांढरट थर आला, गांडुळं दिसेनाशी झाली, निम्मी रोपं फुलावर यायच्या आधीच माना टाकू लागली. तरी तो गावाला तेच सांगत राहिला, आणि आम्ही घरात तीच वांगी खात राहिलो.

एका सकाळी आईला आमची टोपली नाल्यात पालथी दिसली. कारखान्याचा राखणदार म्हणाला, शेठ दरवर्षी फेकूनच द्यायला सांगतात. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. वडील सुन्न झाले. मला तर त्याचं नरडं धरावंसं वाटलं. आईनं दसऱ्याची वाट पाहिली.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असे. कामगार, गावचे पुढारी, झाडून सगळे जमले होते. आईनं त्याच रानातल्या वांग्यांचं भरीत केलं आणि भाकरीसकट ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"शेजाऱ्याचा पयला तोडा हाय, शेठ. घास घ्या."

त्यानं पोटाचं निमित्त सांगितलं. त्याची म्हातारी आई शेजारीच बसली होती. भरीत बघून ती खूश झाली, तिनं भाकरी मोडली. त्यानं झडप घालून तिचं मनगट धरलं. घास खाली पडला. सगळ्यांनी पाहिलं.

"तुमची आई ती आई," माझी आई शांतपणे म्हणाली, "अन् माझी लेकरं कोण?"

त्याचा पांढराफटक चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं.

पुढे गावानं ते पाणी बंद पाडलं, कारखानाही उठला. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. माझं नाही मिळालं. त्या रानात अजून चार खुरटी वांगी लागली, की पहिला तोडा मी स्वतः शेठच्या बंगल्यावर नेऊन देते.