हार्लन बूरमाचा तीनशेवा पक्षी

ऑगस्ट उतरणीला लागला की कोरा टर्पस्ट्राच्या स्वयंपाकघरातला फोन जास्तच वाजतो. मक्याची पानं कडेनं वाळायला लागलेली असतात, दुपारभर झाडांतून किर्र आवाज चालू असतो, आणि गावातल्या लोकांना अंगणात, गॅरेजच्या छपरावर काहीतरी भलतंच दिसायला लागतं. कुणाच्या फुलांवर हमिंगबर्डचं बोटाएवढं पिल्लू आलेलं असतं. तो पतंग असतो. कुणाकडे दाणे टिपायला गिधाडाच्या डोक्याचा तांबडा पक्षी येतो. ते नेहमीचंच कार्डिनल, पिसं झडून टकलं झालेलं. कोरा सगळं ऐकून घेते, दोन प्रश्न विचारते आणि सांगते, "नाही हो, तो तसा काही नाही." पलीकडचा आवाज पडतो. ती फोन ठेवते आणि गार झालेल्या कॉफीकडे परत येते.

एकतीस वर्षं हेच चाललंय. काउंटीत दिसलेल्या पक्ष्यांची नोंदवही तिच्याकडे आहे. कुणी काय पाहिलं ते तिच्याकडे येतं, आणि तिची सही झाल्याशिवाय वहीत चढत नाही. त्याआधी आणि त्याच्याबरोबरही ती शाळेची बस चालवायची. पोरांना खाली बसा म्हणणं आणि मोठ्यांना तुमचा गरुड म्हणजे साधं गिधाड आहे असं सांगणं, यातच ती सत्तरीला पोचली. आता गुडघे दुखतात. पहाटे उठवत नाही, तरी ती उठते, कारण उत्तरेकडचे पक्षी याच दिवसांत खाली उतरतात आणि ते कुणासाठी थांबत नाहीत.

त्या मंगळवारी ती सातलाच सांडपाण्याच्या तळ्यांवर गेली होती. गावाबाहेर कुंपणाच्या आत अशी सहा तळी आहेत. उन्हाळ्याच्या शेवटी दोन रिकामी करतात, तेव्हा तळाचा चिखल उघडा पडतो, आणि चिखलावर किडे टिपायला तुतवार जातीच्या पाणपक्ष्यांचे थवे येतात. वास असा असतो की पहिली पाच मिनिटं डोळ्यांत पाणी येतं, नंतर कळत नाही. फाटकाशी डीन नावाचा माणूस वहीत सही करून घेतो.

"बूरमा आजोबा नाही आले आज?" डीननं विचारलं.

"येईल नवाला. त्याला सकाळी गोळ्या असतात."

"आठ वर्षं काम करतोय इथं. माझं तळं दुर्बिणीतून बघणारे तुम्ही दोघंच."

"तुझी बायको येत नाही का बघायला?"

"तिला मी घरी गेलो की वासच पुरतो."

तीन नंबरच्या तळ्यात, तुटक्या पाइपाजवळ, पिवळ्या पायांच्या पक्ष्यांच्या घोळक्यात एक जरा वेगळा होता. गालावर वीटकरी डाग, टोकाला किंचित खाली वळलेली चोच, पोटावर फिकट पट्टे. लांब पायांचा तुतवार. दर ऑगस्टला दोन-चार येतात. कोरानं वहीत एक आकडा टाकला आणि पुढच्या तळ्याकडे गेली.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. हार्लन होता. एकोणऐंशी वर्षांचा हार्लन बूरमा आयुष्यभर काळ्या चिखलाच्या जमिनीत कांदा पिकवत आला. काउंटीतली सगळ्यात चांगली नजर त्याची, असं कोरा स्वतः सांगायची. फोनवर तो नेहमी हवेपासून सुरुवात करायचा. आज केली नाही.

"जज्जबाई, बसली आहेस का?"

"उभी आहे. बोल."

"वाकड्या चोचीचा तुतवार. तीन नंबरला, तुटक्या पाइपाजवळ. उडाला तेव्हा शेपटीच्या वर पांढरं लख्ख दिसलं. कोरा, तीनशे झाले."

कोरानं खुर्ची ओढली. वाकड्या चोचीचा तुतवार सैबेरियाचा. या बाजूला तो वाट चुकूनच येतो, आणि या काउंटीत कधीच आलेला नव्हता. आणि या काउंटीत कुणाच्या यादीत तीनशे जातींचे पक्षीही कधी झाले नव्हते. हार्लन दोनशे नव्व्याण्णववर येऊन चार वर्षं अडकला होता. खरं तर त्याचे केव्हाच झाले असते. पण रविवारी दिसलेला पक्षी तो धरत नाही. रविवार देवाचा, त्या दिवशी बघायला हरकत नाही, मोजायला आहे, असं त्याच्या बापानं सांगितलं होतं आणि त्यानं ते कधी मोडलं नाही. चार सप्टेंबरला तो मुलीकडे अॅरिझोनात राहायला जाणार होता, कायमचा. शेत विकलं होतं. सामान खोक्यांत गेलं होतं.

"लिहिलंस का?" कोरानं विचारलं.

"आता लिहितो. पुस्तक उघडलेलं नाही, काळजी करू नकोस."

हा त्यांचा नियम होता. दुर्मीळ काही दिसलं की तिथंच उभं राहून, पेन्सिलीनं, पुस्तकात चित्र बघायच्या आधी जे दिसलं ते लिहायचं. एकदा चित्र बघितलं की डोळे चित्रातलंच आठवायला लागतात. कोरानंच हा नियम घातला होता, आणि तो सगळ्यात काटेकोर हार्लनच पाळायचा.

"गुरुवारी घेऊन ये," ती म्हणाली. सकाळी तिथं आपण काय पाहिलं, ते बोलली नाही. त्याच्या आवाजात काहीतरी होतं, जे त्याची बायको जानेट गेल्यापासून तिनं ऐकलं नव्हतं.

चार वाजता ती पुन्हा तळ्यावर गेली. ऊन पाठीवर चढलेलं. पक्षी पाइपाजवळच होता, पण पोटापर्यंत पाण्यात. दोन्ही जातींची चोच सारखी, शेपटीवरची पांढरी पिसंही सारखी. ऑगस्टात जुनी पिसं अर्धी गेलेली असली की शहाणे लोकसुद्धा फसतात. पाय बघितले की मात्र प्रश्न उरत नाही. सैबेरियावाल्याचे काळे, आपल्याचे हिरवट. सकाळी आपणच घाई केली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणसाला एवढं तरी मिळावं. मोठी दुर्बीण तिकाटण्यावर लावून ती दोन तास उभी राहिली. सहा वाजून गेल्यावर पक्षी पाण्यातून चालत चिखलावर आला, एका पायानं मान खाजवली. पाय हिरवट होते. मग तो एकटाच उडाला आणि कुंपणावरून दक्षिणेला गेला.

बुधवारपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती. चर्चमधल्या बायकांनी तिला दुकानात गाठून विचारलं, हार्लननं म्हणे काहीतरी विक्रम केला. त्याची मुलगी कॅरल त्याला न्यायला शनिवारीच येऊन आठवडाभर राहणार होती. तिनं गावातल्या बेकरीत फोन करून तीनशेचा आकडा घातलेला केक सांगितला होता. कोरा दोन्ही रात्री नीट झोपली नाही. यादीचं काही नाही, यादी एका ओळीनं बिघडत नाही. तिला वेगळंच सलत होतं. हार्लन कागद आणेल. त्यावर पायांबद्दल काही लिहिलेलं नसेल, किंवा काळे असं लिहिलेलं असेल. पन्नास वर्षं ओळखीचा, शब्दाचा खरा माणूस हातातून जाईल, आणि तो गेलाय हे फक्त तिलाच कळेल.

गुरुवारी दहाला त्याचा ट्रक दारात लागला. त्यानं बदामाच्या सारणाचा रोल आणला होता, फडक्यात गुंडाळून.

"हा बेकरीतला. जानेटसारखा नाही, पण दात आहेत तोवर खाऊन घे."

"तुझे तरी आहेत का?"

"चार आहेत. सगळे पुढचे. फोटोपुरते."

तो बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर सरकवला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. कोरानं चष्मा लावला. अक्षर त्याचंच, खालच्या बाजूला झुकलेलं. वर नाव, वाकड्या चोचीचा तुतवार. वेळ. उजेड. अंतर. चोच. गाल. शेपटीच्या वरचा पांढरा भाग. सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीवर, थोडं जास्त दाबून लिहिलेलं: पाय मळकट हिरवे.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. माणूस हातात राहिला होता, तीनशेवा मात्र गेला होता.

"मोठ्यानं वाच," हार्लन म्हणाला.

"वाचलं."

"पायांपर्यंत?"

"पायांपर्यंत."

तो मान हलवत राहिला. "तुला फोन केला तेव्हा तो पाण्यात होता. पांढरं दिसलं आणि माझं डोकं फिरलं. ट्रकमधून फोन केला. मग परत गेलो तर साहेब चिखलात उभे. मी तिथंच लिहून काढलं."

"म्हणजे मंगळवारी दुपारपासून तुला माहीत होतं."

"होतं."

"आणि कॅरलला सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं ना, कागदावर." त्यानं टोपी फिरवली. "मला वाटलं, तूच नाही म्हणशील. तुझ्या नाहीची सगळ्या गावाला सवय आहे. कोराबाईनं अडवलं म्हटलं की लोक तुला शिव्या देतात आणि विसरतात. मी स्वतः खोडलं तर सगळे मला बिचारा म्हणतील. इथं शेवटचे दहा दिवस राहिलेत माझे. मला बिचारा होऊन जायचं नाही."

कोरानं चष्मा काढून ठेवला. तिला राग यायला हवा होता. तेवढी ताकदही नव्हती.

"मला कंटाळा आलाय रे," ती म्हणाली. "एकतीस वर्षं झाली. माणसं किती आनंदानं फोन करतात, आणि मी त्यांना पतंग सांगते. तुझ्याही वाट्याला मीच का?"

हार्लननं टोपी टेबलावर ठेवली.

"आणि मलाही मंगळवारपासून माहीत होतं. सकाळी सातला मीच त्याला वहीत टाकला होता."

त्यानं मान वर केली. "आणि तू फोनवर गप्प बसलीस."

"तूही बसलास."

"छान," तो म्हणाला. "दोघंही दोन दिवस एका पक्ष्याला घेऊन बसलो."

तिनं उठून कॉफी ओतली. रोल कापला. पाठ फिरवलेली असतानाच म्हणाली, "चर्चवरून घरी येताना नाल्यात बगळा बघितला होतास. पिवळ्या टोपीचा, रातबगळा. मी होते गाडीत, जानेटही होती. तो धर. मी सही करते, आत्ता."

"रविवार होता."

"मला माहीत आहे कुठला वार होता."

"मग कशाला बोलतेस?"

"कारण मी दमले आहे," कोरा म्हणाली. "आणि तू चाललास."

हार्लननं रोलचा तुकडा मोडला, तोंडात घातला, पुढच्या दातांनी चावत राहिला. "तो धरला तर आधीचे दोनशे नव्व्याण्णवही मला खोटे वाटायला लागतील," तो शेवटी म्हणाला. "तिकडे वाळवंटात बसून मी दुसरं काय करणार आहे? तेच मोजणार ना."

कोरानं कागद परत त्याच्यापुढे ठेवला. पेन्सिल वर ठेवली.

"हा मी खोडणार नाही," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांचे खोडले. हा तू खोड. आणि कॅरललाही तूच सांग."

वरच्या ओळीवरचं नाव त्यानं एका सरळ रेघेनं खोडलं, शेजारी लांब पायांचा तुतवार असं लिहिलं, आणि खाली तारीख घातली. मग भिंतीवरचा फोन घेतला. कोरा कपाट आवरत असल्यासारखं करत राहिली.

"कॅरल, मी... हो, गोळ्या घेतल्या. ऐक. दोनशे नव्व्याण्णवच आहेत... नाही, कोरानं नाही. माझी चूक... अगं, पाय हिरवे होते... तुला नाही कळायचं, जाऊ दे... केकचं काय? राहू दे की केक. वर काही लिहू नका म्हणावं. केक लोक खातात, वाचत नाहीत."

फोन ठेवून तो तसाच भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"रडली?" कोरानं विचारलं.

"हसली. मग म्हणाली, बाबा, तिकडे आलात की नवीन काउंटी, पुन्हा एकपासून." तो खुर्चीत बसला. "एकपासून. या वयात."

"चिमणीपासून सुरुवात कर."

"चिमणी रविवारी दिसली तर?"

"सोमवारीही असते ती," कोरा म्हणाली.

तो थोडं हसला. कॉफी संपवली. मग विचारलं, "उडताना नीट होता का? मला त्याचा उजवा पंख जरा उतरलेला वाटला होता."

"नीट होता. सहानंतर गेला. दक्षिणेला, एकटाच."

"माझ्याआधी पोचेल."

"त्याला खोकी बांधायची नसतात."

ती त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली, मग ट्रकपर्यंत. ऊन कडक झालं होतं, रस्त्यापलीकडच्या मक्याला वाळका वास सुटला होता. हार्लन चढायला नेहमीपेक्षा वेळ लावत होता. तिनं कोपराला धरलं नाही. धरलेलं त्याला आवडत नाही. तो आत बसला, दार ओढून घेतलं, किल्ली लावली आणि फिरवली नाही.

"जरा बसतो," तो म्हणाला.

"बस."

कोरानं तापलेल्या दाराला पाठ टेकली. गुडघे दुखत होते, घरात फोन वाजायला लागला होता. तो वाजून वाजून थांबला, आणि ती तिथेच उभी राहिली.