एटीव्हीने केलेली चिखलणी

भाताच्या खाचरात मी एटीव्हीने चिखलणी केली.

पॉवर टिलरवाला तीन दिवस फोनवर "निघालोच" म्हणत होता, रोपं पिवळी पडायला लागली होती, आणि चारही चाकांना जोर असलेली गाडी अंगणात नुसती उभी होती. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना रानात फिरवायला मी ती घेतलेली. तिच्यामागे फळी बांधली आणि उतरवली खाचरात. कशेळ्याजवळच्या आमच्या गावात बांधावर एवढी गर्दी मी मतदानालाही पाहिली नाही. चिखलणी उत्तम झाली, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त पुढच्या डाव्या एक्सलला धसकटं गुंडाळली गेली आणि त्यांनी जॉइंटवरचा बूट फाडला.

जॉइंट म्हणजे चाक वळलेलं असलं तरी इंजिनाचा जोर त्याच्यापर्यंत पोचवणारा सांधा. बूट म्हणजे त्याच्यावरचं घड्याघड्यांचं रबरी कव्हर. ग्रीस आत ठेवायचं आणि चिखल बाहेर, एवढंच त्याचं काम. आमच्याकडे त्या दोघांनी जागा बदलल्या.

श्रावणात गाडी वळताना कट-कट वाजायला लागली. एका पाहुण्याने विचारलं, "हा आवाज कसला?" मी म्हटलं, "फोर-व्हील ड्राइव्ह आहे ना!" त्याने अदबीने मान हलवली. मला त्या उत्तराचा इतका अभिमान वाटला की पुढे दीड महिना तेच वापरलं.

मग शेलूहून आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. आमच्याकडे नवरात्रात आठव्या माळेला गावच्या लेकी माहेरी येतात आणि टेकडीवरच्या देवीची ओटी भरतात. ओटी स्वतःच्या हातानेच भरायची. आत्याने लग्नानंतर एकही वर्ष चुकवलं नव्हतं. पण गुडघे गेले आणि गेली दोन वर्षं ती पायथ्याशी बसून वर बघत राहिली. डोलीतून न्यायला भावकीतली माणसं तयार होती. तिने त्यांना झटकून टाकलं. "डोलीतनं आजारी मान्सं नेत्यात. मला काय धाड भरलीय?"

यंदा तिने फोनवर एवढंच विचारलं, "तुजी ती गाडी वर चढती का रं?"

"आत्या, डोळे मिटून चढते."

"तू मिटू नको म्हंजी झालं."

पाचव्या माळेला मी रस्ता बघायला एकटाच निघालो. ओढ्यात गाडी वळवली, कट-कट झालं, मग कडाड्. पुढची चाकं थंड पडली आणि मागची जागच्या जागी पाणी उडवत बसली. घरी आणायला बैलजोडी लागली. बैलवाल्याने वाटेत एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं.

खालापूरचा मिस्त्री आसपासच्या रिसॉर्टांच्या एटीव्ही दुरुस्त करतो. फोनवर म्हणाला, "दसऱ्यानंतर बघू. दारात नऊ गाड्या उभ्या आहेत." मी म्हटलं, मग मीच करतो. "एक्सल काढून तरी आणा," तो म्हणाला.

तेवढं जमलं. गाडी जॅकवर घेऊन खाली ठोकळे दिले, चाक काढलं, स्प्लिट पिन सरळ करून मोठा नट सोडवला, चाकामागचा भाग बाजूला ओढला आणि एक्सल एका हिसड्यात बाहेर घेतला. हिसडा देताना मी मागे तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन बसलो, पण एक्सल हातात होता.

सहाव्या माळेला गोणत्यात गुंडाळून, मोटारसायकलवर बांधून, कर्जतवरून तो खालापूरला नेला. मिस्त्रीने ठोकून जॉइंट काढला आणि त्याची वाटी पालथी केली. सहातले चारच छर्रे पडले, त्यांच्यामागून आमच्या खाचराची माती, आणि मातीत एक भाताचं तूस.

त्याने तूस चिमटीत धरलं. "लावणी केली की काय हिनं?"

"नाही," मी म्हणालो. हे खरंच होतं. लावणी बायांनी केली होती.

त्याने नवा जॉइंट, बूट, ग्रीसची पुडी, दोन क्लिपा असं सगळं पिशवीत भरलं. एक्सलच्या दांड्याच्या टोकाला जॉइंट अडकवून ठेवणारी तारेची बारीक कडी असते, तिला लॉक म्हणतात. ती त्याने दोन टाकली.

"एकच लागते ना?"

"असू दे," तो म्हणाला. "लागेल."

सातव्या माळेला पडवीत गोणपाट अंथरलं. बायकोने दांडा धरला. मी जॉइंटमध्ये बोटाने ग्रीस भरलं, लॉक बसवलं, जॉइंट टोकावर धरला आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारली. टक्! लॉक आत बसल्याचा आवाज. असा आवाज माणसाला आयुष्यात फार वेळा ऐकू येत नाही. मी घाम पुसला आणि म्हटलं, "मिस्त्री उगाच भाव खातात."

बायकोने गोणपाटावरून रबरी बूट उचलला, बोटावर अडकवला आणि विचारलं, "अहो, हे कुठं बसतं?"

बूट आधी दांड्यावर सरकवायचा असतो. जॉइंट बसल्यावर त्याच्यावरून तो घालणं म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी बघायला जाणं. अर्धा तास ठोकून जॉइंट परत काढला. लॉकची कडी वाकून चपटी झाली होती. पिशवीच्या तळाशी दुसरं पडलं होतं. बायकोने ते तळहातावर ठेवून पुढे केलं.

यावेळी आधी क्लिप, मग बूट, मग जॉइंट. टक्. चाक चढवलं, नट आवळून नवी पिन घातली आणि अंगणात डावीकडे दहा, उजवीकडे दहा चकरा मारल्या. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. मी सगळ्यांना बाहेर बोलावून ते ऐकवलं.

आठव्या माळेला आत्या लुगड्याचा काचा घट्ट मारून घोड्यावर बसावं तशी मागे बसली. ओटीचं ताट मांडीत, एक हात माझ्या कॉलरला. ओढ्यात मी गाडी मुद्दाम वळवली. पुढची चाकं दगडाला धरून वर आली. पायऱ्यांशी पोचलो. तिथून देवळापर्यंत सात पायऱ्या, त्या ती माझ्या खांद्यावर भार टाकून चढली. देवळात मात्र माझा हात बाजूला सारला आणि नारळ, खण, तांदूळ स्वतःच्या ओंजळीने घातले. मग बराच वेळ डोळे मिटून पुटपुटत राहिली.

उतरताना मला राहवेना. जॉइंट मी बसवला होता, गाडी मी चढवली होती. मला वाटलं, त्यात माझंही काहीतरी निघेल.

"आत्या, काय मागितलंस?"

"तुला अक्कल मागनार हुते," ती म्हणाली. "मंग म्हनलं, आईला कशाला अडचनीत टाकायचं? गुडघंच मागितलं."