सहा खोल्यांचे आकडे

अमोनियाचा उग्र वास आला की मला पिंपळगावचं, अमोनियाच्या यंत्रांनी गार ठेवलेलं द्राक्षांचं ते कोल्ड स्टोरेज आठवतं. सहा खोल्यांचा गारवा सांभाळणाऱ्या कंट्रोलरना नेटवर्कची कार्डं बसवून सगळं तापमान ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर दाखवायचं होतं. एकटीनं करायचं माझं ते पहिलंच काम. कार्डं बसली, केबल जोडली, पण चौथी आणि पाचवी खोली काही पडद्यावर येईना. मालक म्हणाले, "मॅडम, दुपारी माल भरायला कंटेनर लागतोय. तोवर नाय जमलं तर काढून टाका सगळं." गार पॅसेजमध्ये बोटं बधिर झालेली, तरी एकेक पॅनेल उघडून कार्डांचे नंबर वहीत उतरवत गेले, आणि चूक सापडली. त्या दोन्ही कार्डांना मीच एकच नंबर दिला होता! पाचव्याचा नंबर बदलून वीज पुन्हा चालू केली, तसा कार्डावरचा लाल दिवा हिरवा झाला. ऑफिसात धावले, तर सहाही आकडे पडद्यावर. इतकी वर्षं तासातासाला खोल्यांत शिरून थर्मामीटर वाचणाऱ्या तिथल्या एका वयस्कर ऑपरेटरांचा विश्वास बसेना. ते स्वतः आत जाऊन ताडून आले आणि दारातूनच ओरडले, "शेठ, बरोब्बर हाय! पोरीनं लय भारी काम केलं!" पुढे मी मोठमोठे कारखाने जोडले, पण इतक्या मोकळ्या गळ्याची शाबासकी पुन्हा मिळाली नाही.