अकरा वितींचा डबा

तुळशीरामजींची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला जागेवरून उठवलं म्हणून. पवनी रोडहून माझ्या शाळेच्या गावाला तेव्हा छोट्या लाईनची गाडी जायची. मी खिडकीशी बसून वह्या तपासत होते. धोतर-सदऱ्यातला एक म्हातारा लाकडी बाकावर वितीमागून वीत टाकत माझ्यापर्यंत आला आणि अडला.

"बाई, जराशा सरकता का? तुमच्याखाली माह्या दोन विती दबून राहिल्या."

मी मुकाट्यानं उठले. त्यांनी विती पुऱ्या केल्या, खिशातल्या चिठोऱ्यावर आकडा लिहिला आणि "बसा आता" म्हणत माझीच जागा मला बहाल केली.

शहापूरला हायवेलगत त्यांचं घर होतं आणि मागे भांडी घडवायची शेड. जन्मभर त्यांनी पितळेचे गुंड आणि गंगाळं ठोकली. लग्नाच्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावं घालण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. धंदा मुलाच्या हाती दिला आणि या गृहस्थांना भलतंच वेड लागलं. छोटी लाईन उखडून तिथे मोठी टाकणार, असं कानावर येत होतं. ती गाडी जायच्या आत तिचा एक डबा त्यांना हुबेहूब पितळेत उतरवायचा होता. प्रमाण ठरलेलं होतं, एका वितीला एक बोट.

"टेप का नाही घेत हो?" मी विचारलं, तर म्हणाले, "टेप दुकानातून येते, बाई. वीत मायच्या पोटातून येते." आणि लगेच त्यांचं ठेवणीतलं वाक्य आलं, "माप खोटं नाही बोलत. माणूस बोलते."

मला ते वेड आवडलं. दर रविवारी सकाळी मी त्यांच्या शेडमध्ये जाऊ लागले. तिथे आंधळगावचे डोमाजी यायचे. त्याच लाईनवर गार्ड म्हणून त्यांचा जन्म गेला होता. दोघांचं पन्नास वर्षांचं मैत्र, आणि एकमत म्हणाल तर कशावरच नाही. खिडकीच्या झडपेला पट्ट्या पाच की सहा, यावर एक अख्खा रविवार गेला. दोघेही डोळे मिटून, बोटं हवेत हलवत पट्ट्या मोजत होते.

"चढावर गाडी इतकी हळू चाले, का लोक उतरून सीताफळं तोडत आन् मागच्या डब्यात चढत," डोमाजी सांगायचे.

"आन् तू त्यातली दोन घेतल्याबगर झेंडी नाई दाखवत," तुळशीरामजी पुस्ती जोडायचे.

गाडी बंद व्हायच्या आठवड्यात तुळशीरामजींचा गुडघा सुजला. सगळी मापं झाली होती, फक्त डब्याची आतली रुंदी राहिली होती. त्यांनी आपल्या वितीएवढी बांबूची कमची कापून माझ्या हाती दिली. "या कमचीनं मोजून आणा. बस, मंग डबा माह्या मुठीत."

मी ती कमची स्वयंपाकघराच्या ओट्यावर विसरले. आठवलं ते गाडीत बसल्यावर. परत जायला वेळ नव्हता आणि सांगायची लाज वाटली. मग मी माझीच वीत टाकली. अकरा भरल्या. मी गणिताची शिक्षिका, शाळेत मुलांना मापन शिकवते, हे मुद्दाम सांगते.

"अकरा?" त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मी कमचीबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन दिवसांनी गाडी बंद झाली.

डब्याला तीन वर्षं लागली. काय देखणा झाला होता! झडपा वरखाली व्हायच्या, दाराची कडी लागायची. नागपूरच्या रेल्वेवेड्या मंडळींनी आपल्या मेळाव्याला बोलावणंही धाडलं. गोणपाटात बांधायच्या दिवशी डोमाजी बराच वेळ आत वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तुळशीराम, डब्याचं पोट सुटलं लेका. समोरासमोर बसलं का गुडघ्याले गुडघा घासे. इथं तं मधात बाज टाकता येते."

"तू सवाऱ्या मोजल्या, डबा मी मोजला! गार्डाले मापातलं काय समजते?"

"मले तीस वर्षं त्यातून चालाचं समजते."

डोमाजींनी पिशवी उचलली आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. डबा नागपूरला गेला नाही. तुळशीरामजी नुसते दाराकडे बघत बसायचे. माझ्या एका खोट्यापायी दोन म्हाताऱ्यांची दोस्ती गेली होती, आणि मला घास गोड लागत नव्हता.

तिसऱ्या रविवारी मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हातोडी भिरकावतात. ते म्हणाले, "हात दाखवा."

माझ्या पंजावर त्यांनी आपला पंजा ठेवला. त्यांची बोटं माझ्यापुढे पेरभर निघाली. कमची आणि दोरा घेऊन दोन्ही विती पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. "तुमच्या अकरा म्हंजे माह्या नऊ! अवो बाई, गाडी गेली, पण रुंदी सापडली! लावा फोन डोम्याले."

फोनवर ते एवढंच बोलले, "डोम्या, पोट सुटलंच होतं. ये."

पलीकडून डोमाजी विचारत होते, "काहून सुटलं पण?"

"वय झालं," तुळशीरामजी म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीही नाही.

नऊ बोटं रुंदीचा नवा डबा त्यांनी लगेच करायला घेतला. हात कापत होते तरी भिंती उभ्या केल्या, डोमाजींनी आत बोट फिरवून 'बराबर' म्हटलं. छत राहिलं. यंदाच्या हिवाळ्यात तुळशीरामजी गेले.

तेरवीनंतर त्यांच्या मुलानं गोणपाटाचं बोचकं माझ्यापुढे ठेवलं. "बाबानं तुमाले द्याले सांगतलं होतं." आत तोच रुंद डबा होता. उचलताना तळाला काहीतरी खरखरीत लागलं, म्हणून उलटा केला. लग्नाच्या भांड्यावर घालतात तसं टिंबाटिंबांनी माझं पूर्ण नाव घातलं होतं. टिंबं वाकडीतिकडी, कापऱ्या हातानं ठोकलेली. नावाखाली चार शब्द होते, ते वाचले आणि त्यांच्या ऐरणीशेजारी बसून मी पोटभर रडले.

'माप खरे. हात लहान.'