रामाजीच्या गोठ्यावरचा डोळा

चंद्रपूरहून जंगलाकडे जाताना मोहर्लीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की पंचवीस-तीस घरांची एक वस्ती लागते. तिथला रामाजी जंगलात वाकून चालायचा आणि गावात ताठ. जंगलात वाकून, कारण त्याचं सगळं पोटच खाली बघण्यावर चाललेलं. पाऊल कोणाचं, कधीचं, पोट भरलेलं की उपाशी, एवढं तो धुळीवरून सांगायचा. गावात मात्र खाली बघायचं कारण काय? आपलंच अंगण, आपलीच माणसं.

त्र्याऐंशीच्या सुमारास मद्रासकडचे एक साहेब जनावरांचा अभ्यास करायला आले आणि त्यांनी रामाजीला हाताशी धरलं. साहेबांकडे झाडाला बांधायचा कॅमेरा होता. वाटेवर आडवा काळा दोरा ताणायचा, दोऱ्याला धक्का बसला की चिमटा सुटायचा, दिवा लखकन पेटायचा आणि जाणाऱ्याचा फोटो निघायचा. दोरा बांधायचा किती उंचीवर, हे साहेबांच्या पुस्तकात नीट नव्हतं. ते ठरलं रामाजीच्या गुडघ्यावरून. गुडघ्याच्या चार बोटं खाली. पहिला फोटो निघाला तो रामाजीच्याच धोतराचा, मागून. साहेबांनी हसत हसत तो मोठा करून दिला आणि त्याच्या बायकोने, मनकर्णाने, तो धान साठवायच्या मोठ्या ढोलीमागे असा दडवला की पुन्हा कोणाला दिसला नाही.

साहेबांची पेटी वाहायचा झिंगू. पलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, रामाजीच्याच वयाचा. दोघं पोरवयापासून बरोबर मोहाची फुलं वेचत आलेले. पंच्याऐंशीत नाल्याच्या वळणावर अस्वल उठलं ते रामाजीवर. मधे पडला झिंगू. अस्वलाने त्याची डावी पोटरी फाडली, जंगल सुटलं आणि हातात काठी आली. तेव्हापासून तो काठी आपटत, स्वतःशीच मोठ्याने बोलत चालायचा. टोल्यावरून निघाला की इकडे कळायचं, झिंगू येतोय.

त्याच वर्षी रामाजीच्या आईला, ठमाबाईला, लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा थोडा हलायचा. दिवसभर ओसरीत खाटेवर पडून असायची. 'हो' म्हणायचं असलं की डोळे मिटायची, 'नाही' असलं की नुसतं बघत राहायची.

आता मे महिन्यात तिकडे गाव कसं असतं ते सांगायला हवं. तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटेच सगळी वस्ती पानं तोडायला जंगलात जाते आणि पुडके बांधून, ठेकेदाराच्या मोजणीच्या फळीवर घालून तिसऱ्या प्रहरी परतते. मधल्या वेळात गाव पूर्ण रिकामं. दारं नुसती ओढलेली, कुत्री सावलीला, भर उन्हात इतकी शांतता की छपराचं कवेलू तापून तडकलेलं ऐकू यावं. त्या वेळात म्हातारीला पाणी पाजायला झिंगू यायचा. पायामुळे त्याला पानं तोडता येत नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहोऊन यायचा.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात वस्तीतल्या चोऱ्या वाढल्या. कोणाचा विळा गेला, कोणाच्या मिरच्या, कोणाची दोरखंडं. रामाजीकडचा मोती कुत्रा नाहीसा झाला, मग एकेक कोंबडी. गोठ्याची कवेलू फुटलेली सापडायची, दोडक्याचा मांडव एकदा पार मोडून पडलेला. साहेब दोन महिने गावी गेले होते आणि कॅमेरा रामाजीकडे सांभाळायला होता. त्याने तो काढला आणि गोठ्याच्या खांबावर, वाट आणि अंगण दोन्ही दिसेल असा बांधला. आत रीळ नव्हतं. पण काच होती, आणि काच बघते.

काय सांगावं, चार दिवसांत वस्तीची चाल बदलली. वस्तीतला वारलू विळा घेऊन आला आणि म्हणाला, "हा माह्या घरी कसा आला बाप्पा, देवाले ठाऊक." अंजनाबाई शेजारीण, ती कॅमेऱ्यासमोरून जाताना पदर सारखा करायची. दोन भांडखोर जावा त्या टप्प्यात आल्या की गोड बोलायच्या आणि पुढे गेल्या की पुन्हा सुरू. दोरखंडं, मिरच्या, एकाची तर हरवलेली चिलीमसुद्धा ज्याच्या-त्याच्या दारात परत आली.

फक्त रामाजीच्या घरचं काही थांबलं नाही. कोंबडी जायची. म्हातारीच्या उशाजवळचं पाण्याचं गाडगं कलंडलेलं असायचं.

"सांगतो तं राग नोको मानू," अंजनाबाई एक दिवस मनकर्णाला म्हणाली. "गावभर चोऱ्या थांबल्या. तुह्याच घरच्या नाई थांबल्या. ज्याले कॅमेऱ्याचं भेव नाई, तोच येत असन. साहेबाची पेटी वाह्यली त्याले काहाचं भेव?"

मनकर्णाने ते रामाजीला सांगितलं. तो चिडला.

"झिंगू चोरन? माह्यी कोंबडी?"

"रीळ नाई हे तिघालेच माहीत हाये," मनकर्णा म्हणाली. "तुमाले, मले आन झिंगूभाऊले. मी तं माह्या कोंबड्या नाई चोरल्या. तुमी चोरल्या का?"

रामाजी उठून गोठ्याकडे गेला. पुढची गोष्ट सगळी त्या उठून जाण्यातून झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनकर्णाने झिंगूला फाटकाशीच थांबवलं. "भाऊ, उद्यापासून नोका येऊ."

"म्हातारीले पानी कोन देईन?"

"गाडगं ठेवून जाऊ उशाशी. डावा हात चालते तिचा."

झिंगूने तिच्या खांद्यावरून मागे बघितलं. रामाजी गोठ्याशी दोऱ्याची गाठ सोडवत बसला होता. "रामाजी, तू बी?"

रामाजी 'हो' म्हणाला नाही आणि 'नाही' म्हणाला नाही. गाठ सोडवत राहिला. झिंगू काठी आपटत गेला; त्या दिवशी मात्र तोंडाने काही बोलत नव्हता.

रामाजीला त्या रात्री जेवण गेलं नाही. झिंगूने चोरी केली असली तर चाळीस वर्षांची सोबत खोटी. केली नसली तर आज आपण गप्प राहिलो, त्याला माफी कुठली? दोन्हीपैकी काय ते कळायलाच हवं होतं. सकाळी पानं सोडून तो एसटीने चंद्रपूरला गेला आणि रीळ घेऊन आला.

दोरा बांधताना मात्र गंमत झाली. माणूस पकडायचा तर दोरा हवा फाटकात, कमरेला. पण रामाजीचे हात साहेबांकडे शिकलेले. ते फाटकाकडे गेलेच नाहीत. घराच्या मागच्या अंगाला बांबूच्या कुंपणात दोन काड्या जराशा फाकलेल्या दिसल्या, तिथे त्याने कॅमेरा आणून लावला, खाली बसला आणि दोरा बांधला. गुडघ्याच्या चार बोटं खाली. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पहिल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी घरी आला तर दोरा तुटलेला. दुसऱ्या दिवशी तुटलेला. तिसऱ्याही. कुंपणाजवळचा मुरूम दगडासारखा, अंगण शेणाने सारवून उन्हाने भाजलेलं, वरून त्याच्याच परतलेल्या शेळ्यांचे खूर. पाऊल उमटलं नाही, आणि उमटलं असतं तरी रामाजी बघत होता ते माणसाचं. ओसरीत खाटेखाली ओलं असायचं, गाडगं रिकामं. आणि वास यायचा. भात शिजताना येतो तसा, गोडसर, ऊन. चूल तर पहाटेपासून विझलेली.

"कोनी भात शिजवला का वं?"

"कोन शिजवन?" मनकर्णा म्हणाली. "भुका लागल्या तुमाले."

हाच वास जंगलात आला असता तर रामाजीने साहेबांचा हात धरून त्यांना जागच्या जागी थांबवलं असतं. पण वास आला घरात, आणि घरात माणसाला चूल आठवते.

तो आईच्या खाटेशी बसला. "माय, कोनी आलतं का?"

ठमाबाईने डोळे मिटले.

"झिंगू आलता?"

ती नुसती बघत राहिली.

"वारलू?" नाही. "मंगरू?" नाही. त्याने आपल्या वस्तीतली नावं घेतली, टोल्यावरची घेतली, बायांचीसुद्धा घेतली. एकालाही पापणी हलली नाही. शेवटी हरून त्याने पुन्हा विचारलं, "पन आलतं ना कोनी?"

ठमाबाईने डोळे मिटले. मग उघडले आणि हळूच खाली वळवले, खाटेच्या कडेकडे. रामाजीला वाटलं, पाणी मागते. त्याने पाणी पाजलं. ती घटाघटा प्यायली, दिवसभर थेंब न मिळाल्यासारखी.

चोर आता म्हातारीच्या उशापर्यंत येतो, हे त्याच्या ध्यानात आलं. चौथ्या दिवशी कॅमेरा आणि दोरा कुंपणापासून काढून त्याने ओसरीत लावले, दोरा खाटेला लागून दोन खांबांमध्ये. तोही तुटला. पाचव्या दिवशीचाही तुटला. सहाव्या दिवशी मनकर्णा पानांना गेली आणि रामाजी रीळ घेऊन पहिल्या गाडीने चंद्रपूरला.

फोटोवाला बापूजी ओळखीचा होता. साहेबांचे फोटो तोच धुवायचा, वाघ-अस्वलं बघायची त्याला सवय. अकराच्या सुमाराला तो आतल्या काळोख्या खोलीतून ओले फोटो चिमट्याला धरून बाहेर आला. पाचही टेबलावर ओळीने मांडले. मग म्हणाला, "ही म्हातारी जिवंत हाये ना?"

पहिल्या तिन्हींत मागचं कुंपण होतं आणि त्यातून आत येणारा बिबट. डोकं खाली, खांदे वर, स्वतःच्या घरात शिरावं तसा. एकात त्याची मान वळलेली, सरळ काचेकडे.

चौथ्यात ओसरी. खाटेवर ठमाबाई, डोळे उघडे, चेहरा शांत. आणि खाटेखाली, दिव्याच्या लखलखाटात, दोन पांढरे डोळे.

पाचवा रामाजीने उचलला. त्यात म्हातारीचा डावा हात खाटेबाहेर आला होता. हातात गाडगं तिरपं धरलेलं, पाण्याची धार खाली पडत होती. खाली तोंड वर करून तो पीत होता. घरातला भाताचा वास कसला ते रामाजीला आता कळलं; बिबट मुततो तिथे तोच येतो.

"गाडी केवा हाये?" रामाजीने विचारलं.

"दोनची."

घड्याळात सव्वाअकरा. म्हणजे वस्ती या घडीला रिकामी. मनकर्णा जंगलात, फाटक ओढलेलं, माय खाटेवर एकटी, आणि झिंगूला आपणच येऊ नको म्हटलेलं. रामाजी रस्त्यावर येऊन उभा राहिला. लाकडाचा एक ट्रक मोहर्लीकडे निघाला होता, त्याच्यामागे तो धावला. ड्रायव्हरने विचारलं, कोणी मेलं काय? रामाजी म्हणाला, माहीत नाही.

फाट्यावर उतरला आणि पायवाटेने पळत सुटला. वाटेत टोला लागतो. झिंगूच्या दारात त्याची बायको बुधरी मोहं वाळवत होती.

"झिंगू कुठी हाये?"

बुधरीने वर बघितलं नाही. "तुमच्याच इथी. रोजच जाते. आत नोको म्हनलं तं भायेर बसते."

झिंगू खरोखरच फाटकाबाहेर पळसाच्या सावलीत बसला होता, काठी मांडीवर आडवी. रामाजीला धापा टाकत येताना बघून तो उठला नाही. "आत गेलो नाई गा. म्हातारीनं आवाज देल्ला तं ऐकू येवावा म्हनून बसतो."

"ते आवाज कशी देईन, झिंगू?"

"मंग तुमी तिले एकटी कशी ठेवता?" झिंगू म्हणाला. मग आवाज उतरला. "आत कोनी तरी असते. गाडगं वाजते. मले वाटे, तूच कोनाले ठेवून गेला."

रामाजीने फोटो त्याच्या हातात दिला. झिंगूने तो उन्हात धरला, जवळ नेला, लांब नेला. मग उठला, काठी हातात घेतली आणि फाटक ढकललं. आपटत आपटत, जुन्या सवयीने मोठ्याने बोलत तो अंगणात शिरला. "येतो गा येतो. म्हातारे, मी आलो. सरा बाजूले. येतो."

ओसरीतल्या सावलीत काहीतरी हललं. आवाज झाला नाही. खाटेची दोरी एकदा वर उचलल्यासारखी झाली, आणि मागच्या अंगाला कुंपणाच्या दोन काड्या फाकल्या आणि मिटल्या. बस, एवढंच. ठमाबाईचा डावा हात खाटेबाहेर लोंबत होता, बोटं ओली. ती जिवंत होती. ओठ सुकून फुटले होते.

"मी याचो तेवा माह्या काठीनंच तो निंगून जात असन," झिंगू म्हणाला. "मी याचा थांबलो तं तो बसू लागला." त्याने माठातून पाणी घेतलं आणि म्हातारीच्या तोंडाला लावलं.

त्या संध्याकाळी बुद्धविहारापुढच्या अंगणात सगळी वस्ती जमली. फोटो हातोहात फिरला. बाया बघायच्या आणि पदर तोंडाशी न्यायच्या. रामाजीने लपवलं काही नाही. म्हणाला, "कॅमेऱ्यात रीळ नव्हतं. तुमी सारे नुसत्या काचीले भ्यालात. ज्याले कॅमेरा का असते तेच माहीत नाई, तो नाई भ्याला. आन झिंगूवर आळ आला तेवा मी तिथीच होतो. मी तोंड नाई उघडलं. चोर तो नाई, लाजावं लागन तं मले."

मनकर्णा उठून झिंगूपुढे गेली. "भाऊ, चुकलं माह्यं."

झिंगूने काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाला, "मी खाल्ल्या असत्या कोंबड्या तं चव तरी लागली असती, बाई." कोणी हसलं, कोणी हसावं की नाही म्हणून थांबलं. "उद्या दुपारी येतो. पन रामाजीले म्हना, एक दिवस त्यानं बी घरी बसावं. मले एकट्याले नोको."

रामाजी बसला. कुंपणातली फट काट्यांनी बुजवली होती. भर दुपारी वस्ती रिकामी झाली, ऊन पांढरं झालं. दोघं खाटेच्या दोन बाजूंना बसले, बिडी न ओढता. झिंगूने म्हातारीला पाणी पाजलं, तिने अर्धं घेतलं आणि तोंड फिरवलं. मग तिने डोळे कुंपणाकडे लावले आणि तसेच ठेवले, कोणाची तरी ओळख पटल्यासारखे. भात शिजल्याचा वास आला.

झिंगूने रामाजीकडे बघितलं, रामाजीने झिंगूकडे. दोघांपैकी कोणीही मान वळवली नाही.