दाजींचा बेस

माझे सासरे, आमचे अण्णा, यांनी उभी हयात फर्निचरला पॉलिश करण्यात घालवली. कारखान्यातल्या करवतींनी त्यांचे कान खाल्ले. निवृत्त झाले तेव्हा घरातलं निम्मं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांच्याशी भांडायचं म्हणजे सगळ्या इमारतीला आमंत्रण!" कानाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी चष्म्याच्या डबीत घालून ठेवलं. "त्यातून तुमच्या भांड्यांचाच आवाज तेवढा येतो," म्हणाले.

हात मात्र स्वस्थ बसेनात. दारं झाली, खुर्च्या झाल्या, शेजारच्यांचा देव्हाराही झाला. लाटणं वाचलं, तेही सासूबाईंनी लपवलं म्हणून.

अशातच आत्यांनी घर बदललं. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. त्यांच्या यजमानांना, म्हणजे दाजींना, जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि एकटीला एवढं मोठं घर नको, म्हणून त्या दोन खोल्यांत राहायला निघाल्या होत्या. दाजी दिवसा कचेरीत असायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. पलंगाखालून चादरीत गुंडाळलेली एक लांबलचक वस्तू ओढून आत्यांनी अण्णांच्या हातात दिली.

"हे घेऊन जा. मोडून जळणात घाल, नाहीतर कुंडीला टेकू दे. माझ्या डोळ्यांसमोर नको."

घरी आणून चादर सोडली. गिटारसारखं काहीतरी, पण दांडी केवढी तरी लांब आणि तारा चारच, त्याही गंजून लाल झालेल्या. वरून काळा तेलरंग, घरच्या ब्रशनं फासलेला.

"कोणी केलंय हे पाप?" अण्णा म्हणाले. दुखणं रंगाचं आहे म्हटल्यावर त्यांची कळी खुलली.

बसथांब्यासमोर एक बाई गिटार आणि अँप्लिफायर दुरुस्त करतात. मी अण्णांना घेऊन तिथे गेले, कारण एकटे गेले असते तर बाईंचं एक अक्षर त्यांना कळलं नसतं. बाईंनी बटणांखालची पत्र्याची पट्टी उघडली, भिंगातून आत पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "काका, हा बेस आहे. गाण्याच्या खालचा जाड आवाज असतो ना, तो ह्याचा. आतलं सामान पन्नासएक वर्षांपूर्वीचं आहे. पण बनवला कुणी, ते सांगता येत नाही. नावच नाही कुठे."

पट्टीखाली ब्रश पोहोचला नव्हता. तिथे मधासारखा तपकिरी रंग दिसत होता. अण्णांनी चिंधीचं टोक थिनरमध्ये बुडवून तिथे हलकेच फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"हे रेडिओचं पॉलिश आहे."

"म्हणजे?"

"जुने लाकडी रेडिओ असायचे ना, त्यांच्या पेट्यांचं. कडेला गडद, मध्ये उजळ. उमेदवारीत मी हेच मारायचो."

बाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या. रेडिओच्या एका कारखान्यानं चारदोन वर्षं गिटारीही काढल्या होत्या, असं त्यांच्या उस्तादांनी कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी फोनवर शोधाशोध केली आणि एक धुरकट फोटो सापडला. वरचं शिंगासारखं टोक तेच, खालची वळणदार कंबर तीच. दांडीचा शेंडा मात्र वेगळा.

"धड त्यांचं आहे, दांडी दुसऱ्या कुणाची तरी," बाई म्हणाल्या.

"म्हणजे नकली?" अण्णांचा चेहरा पडला.

"नकली कसा? कधीतरी मोडली असेल, दुसरी बसवली. बसवलीय मात्र झकास!"

कामाची वाटणी झाली. दांडीचा बाक काढणं आणि आतलं आवाज पकडणारं, तांब्याच्या तारेचं तुटलेलं वेटोळं नव्यानं गुंडाळणं बाईंकडे, काळा रंग उतरवणं अण्णांकडे. आमची मागची गॅलरी बंद झाली. धुणं वाळत घालायचं तर परवानगी काढावी लागे. घरभर थिनरचा वास. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "लग्नात सुद्धा माझ्याकडे एवढं निरखून पाहिलं नव्हतं हो ह्यांनी."

काळा थर गेला आणि खालचा तपकिरी रंग उजळून वर आला. पण वरच्या काठाशी तळहाताएवढा भाग उघडा पडला होता. पॉलिश पार झिजलेलं, लाकूड गुळगुळीत आणि करडं. बाईंनी बजावलं होतं, "काका, झीज दिसली तर तशीच ठेवा."

अण्णा फणफणले. "जन्मभर डाग काढले, आता डाग सांभाळू?" आणि त्यांनी पॉलिश पेपर हातात घेतला.

नेमक्या त्या सकाळी आत्या आल्या, नव्या घराची जास्तीची किल्ली आमच्याकडे ठेवायला. गॅलरीच्या दारात त्या थबकल्या.

"जाळला नाहीस?"

अण्णांना ऐकू गेलं नाही, पण बहिणीचा चेहरा त्यांना वाचता येतो. त्यांनी बेस मांडीवरून उचलून तिच्यापुढे धरला. आत्या त्या झिजलेल्या जागेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताचा कोपराखालचा भाग तिथे टेकवला.

"ह्यांच्या शर्टाची उजवी बाही नेहमी आधी फाटायची," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "किती ठिगळं लावली असतील मी! मला वाटायचं, कचेरीत टेबलावर घासतात. मी रागवायची सुद्धा."

"तुम्ही कधी वाजवताना पाहिलं नाही त्यांना?"

"नाही गं. रोजची संध्याकाळ ह्यानं नेली म्हणून राग होता. ते बोलवायचे, मी जायची नाही. मग त्यांनी बोलवायचं सोडलं."

अण्णांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. त्या जागेला त्यांनी फक्त मेण लावलं, तेही बोटानं.

तारा चढल्या त्या दिवशी आम्ही तिघं बाईंच्या दुकानात गेलो. बाईंनी सर्वांत जाड तार छेडली. अण्णा पाठमोरे उभे राहून भिंतीवरच्या गिटारी बघत होते. ते गर्रकन वळले.

"हे मला ऐकू आलं!"

बाईंनी पुन्हा छेडली. "बारीक आवाज आधी जातात, काका. हा जाड आहे, हा राहतो."

अण्णांनी अँप्लिफायरवर हात ठेवला आणि लहान मुलासारखे हसायला लागले. बाईंनी एक गाणं लावून त्याच्यासोबत बेस वाजवला, मग मध्येच थांबल्या. गाणं चालूच होतं, पण एकदम पोरकं वाटायला लागलं.

"हे करायचे होय ते," आत्या हळूच म्हणाल्या.

निघताना अण्णा बेस खांद्याला लावू लागले, तर आत्यांनी पट्टा धरला. "दे इकडे. मी शिकणार आहे."

"तू? ह्या वयात?"

"मग काय, तू वाजवणार? तुला पॉलिशशिवाय काही येतं का?"

आता बाई आत्यांना आठवड्यातून एकदा शिकवतात आणि अण्णा पुसायचं फडकं घेऊन तिथे हजर असतात. परवा मीही गेले होते. आत्यांना चार सूर येतात, त्यातले तीन जागेवर. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले होते. त्यांनी ती बोटं माझ्यापुढे धरली.

"एवढं दुखतं हे कधी बोलले नाहीत बघ," म्हणाल्या, बोटांवर फुंकर घातली आणि पुन्हा वाजवायला लागल्या.