लहान्याचा: चालू

काकूचा फोन सकाळी आला तर तो ख्यालीखुशालीचा असतो. दुपारी आला की काहीतरी बिनसलेलं असतं. जानेवारीतल्या त्या दुपारी मी पांढुर्ण्याच्या घरी लॅपटॉप मांडून काम करत होते, आणि काकू म्हणाली, "पोरी, तुया काकाच्या झाडाची पानं वळून राहिली वं. फोन म्हणते पाणी चालू हाय, आन् झाडं तर वाळून राहिली."

तो फोनमधला कारभार मी केलेला होता.

मोहगावच्या बाजूला आमचे संत्र्याचे दोन बगीचे आहेत. एक विहिरीजवळचा, काळ्या भारी जमिनीतला. दुसरा बोअरवरचा, बरड म्हणजे मुरमाड, हलक्या जमिनीतला. बाबा थोरले, शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि पांढुर्ण्यातच राहिले. काका धाकटे, ते शेतावर. आजोबांनी वाटणी केली नाही, रीत घालून दिली: संत्रा उतरला की दरवर्षी भावांनी बगीचे बदलायचे. चांगली जमीन एकाच्याच पदरात नको आणि कोणाच्या मनात किडा नको. म्हणून आमच्या बगीच्यांना जमिनीवरून नाव नाही. यंदा जो बाबांकडे तो 'मोठ्याचा', जो काकांकडे तो 'लहान्याचा'. पुढच्या वर्षी जमीन तिथेच राहते, नाव उठून पलीकडे जातं.

मी नागपूरच्या एका कंपनीसाठी घरी बसून वेबसाइट करते. आदल्या उन्हाळ्यात दोन्ही मोटरींना फोनवरून चालू-बंद करता येणारे सिमकार्डवाले स्टार्टर बसले, तेव्हा मी पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटं पान करून दिलं. त्यावर दोनच बटणं, मोठ्याचा आणि लहान्याचा. आमच्या रीतीला पीएचपीतली एक सोय अगदी फिट बसत होती. व्हेरिएबल म्हणजे नाव चिकटवलेला डबा. पण एका डब्यात माल न ठेवता दुसऱ्या डब्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवता येते. पुढे एकाऐवजी दोन डॉलरची चिन्हं टाकली की प्रोग्राम चिठ्ठी वाचतो आणि त्या दुसऱ्या डब्याकडे जातो. 'लहान्याचा' या डब्यात मी 'विहीर' अशी चिठ्ठी टाकली. बगीचे बदलले की चिठ्ठी बदलायची, बस. कंपनीतले सीनियर असल्या कोडला नाकं मुरडतात, असली नावं नंतर शोधून सापडत नाहीत म्हणतात. मला मात्र फार कौतुक वाटलं होतं माझं.

आता ते कौतुक अंगाशी आलं. आंबिया बहारासाठी, थंडी सरतानाच्या फुलोऱ्यासाठी, झाडं ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडून पानं सुकू देतात आणि मग पाणी देऊन फूल काढतात. बरड जमिनीत ताण लवकर संपवावा लागतो, नाहीतर झाडच जातं. भारी जमिनीत तो लांबवावा लागतो, मध्येच पाणी मिळालं तर फुलाऐवजी पालवी फुटते. काकांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केलेली. काळा चष्मा लावून ते ओसरीत बसायचे आणि ताण तोडायला रोज बटण दाबायचे. काकू दिवसभर कापूस वेचायला. त्या दुपारपर्यंत बगीच्यात कोणी फिरकलंच नव्हतं.

मी पान उघडलं. लहान्याचा: चालू. हिरवा दिवा. स्टार्टरही सांगत होता, मोटर सुरू आहे. कोडमध्ये 'विहीर' शोधलं, एकदाही नाही. 'बोअर' शोधलं, तेही नाही. कसं असणार? नावं मी सेटिंगच्या पानावर भरून ठेवली होती, कोडमध्ये नुसते दोन डॉलर. मग पाइप फुटला असेल, ड्रिप चोंदलं असेल, असं काहीबाही मनात आणत बसले. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि माझं मन तर या कामात पहिल्यापासून हुशार.

बाबा चहा घेऊन आले. मी म्हटलं, "काकांच्या विहिरीची मोटर चालू आहे, तरी झाडं सुकताहेत."

"विहीर काहून?" बाबा म्हणाले. "विहिरीवरचा तर औंदा माह्याकडे हाय. ऑपरेशनच्या पहिलेच नारळ फोडून बदलवला ना आमी."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगाचं काय त्याच्यात? दरसालच बदलवतो."

डोळ्यांच्या गडबडीत यंदा अदलाबदल राहिली असेल, असं मी धरून चालले होते. काका इतके दिवस पाणी देत होते ते बाबांच्या झाडांना. त्यांची स्वतःची बरडीत तहानेनं वाळत होती. मी विहिरीची मोटर बंद केली, चिठ्ठीवर 'बोअर' लिहून बोअरची चालू केली, आणि बाबांना मागे बसवून स्कूटी काढली.

काकू बरडीच्या बांधावर उभी होती, डॉक्टरांची मनाई मोडून काकाही आले होते. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे पाणी तुया बाबाच्या बगीच्यात गेलं ना? मंग वाटणीच करून टाका औंदा. ज्याचं त्यानं पाहावं."

काका काळ्या चष्म्याआडून वळलेली पानं निरखत होते. त्यांना किती दिसत होतं कोण जाणे. मला रडू आलं आणि मी रडले.

फेब्रुवारीत बाबांच्या झाडांना हिरवीगार पालवी आली, फूल कुठे कुठे. काकांच्या झाडांचे शेंडे वाळले ते वाळलेच, उरलेल्या फांद्यांवर मात्र बहार आला. मला हायसं वाटावं तर वाटेना. झाडांचं एकदाचं कळलं होतं, पण काकूचं ते वाक्य वर्षभर माझ्या छातीवर बसून होतं. एका चिठ्ठीपायी आजोबांची रीत मोडणार, असंच मला वाटत राहिलं. बगीच्यांना 'विहीर' आणि 'बोअर' अशी कायमची नावं देऊ का, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "तसं नको करू. मंग ते कोनाचे तरी होऊन जातीन." काकू उठून आत गेली, आणि ते मला जास्त लागलं.

डिसेंबरात संत्रा उतरला. बगीचे बदलतात की वाटणी होते, याची मी रोज वाट बघायची. बाबांना विचारायची हिंमत होत नव्हती, तेही विषय काढत नव्हते. एका दुपारी फोन वाजला. काकूचा. मला उचलवेना. शेवटी उचलला.

"झोपली होती का वं?" काकू म्हणाली. "ते चिठ्ठीचं बदलवून टाक आधी. आताच नारळ फुटला."

मी चिठ्ठीवर पुन्हा 'विहीर' लिहिलं. मग म्हटलं, "काकू, बटण दाबते, जरा बघशील पाणी कुठे पडतंय ते?"

"अवं, विहिरीवरच उभी हावो मी," ती म्हणाली. "दाब."